साडेचार वर्षांचा मुलगा गप्प असतो, वस्तू फेकतो: त्याला मनातलं सांगायला कसं शिकवू?

प्रश्न: आम्ही डिचोलीला राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा आहे, के.जी.त जातो. मी त्याच्याशी मराठी बोलते, सासूबाई कोकणी, के.जी.त सगळं इंग्रजी. तो फारसा बोलत नाही. टीचर सांगतात की रंग रेषेबाहेर जातो, चित्र अर्धवट टाकून उठतो. त्याचे पपा जहाजावर नोकरीला असतात. या खेपेला ते गेल्यापासून हा रागावला की हाताला लागेल ते फेकतो. काय झालं विचारलं की गप्प. त्याला मनातलं सांगायला कसं शिकवू? ड्रॉइंग क्लासला घातला तर उपयोग होईल का?

उत्तर:

ताई, क्लासचं आधी सांगून टाकते. आत्ता नको. डोंगरांमधून उगवणारा सूर्य, घर आणि खाली नदी, हे एकच चित्र वीस मुलांकडून काढून घेणाऱ्या क्लासमधून तुमच्या मुलाच्या मनातलं काहीच बाहेर येणार नाही. ती फी वाचवा आणि त्यातून चिकणमाती, जाड खडू आणि भरपूर कोरा कागद आणा.

मी फोंडा तालुक्यात बरीच वर्षं बालवाडी चालवते आहे आणि आता नव्या शिक्षिकांना शिकवण्याचं कामही करते. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की पपा गेल्यापासून तो फेकाफेक करतो. म्हणजे तो सांगतोच आहे. शब्द सोडून बाकी सगळ्यानं सांगतो आहे. तेव्हा त्याला बोलतं करण्याची घाई नको. फेकण्यापेक्षा बरे असे चार मार्ग त्याच्या हाताशी ठेवायचे आणि त्यानं ते वापरले की आपण ते ओळखायचे, इतकंच काम आहे. इतकंच म्हणते खरं, पण त्याला चिकाटी लागते.

लहान मुलांच्या शिक्षणात काम करणारे लोक इटलीतल्या रेज्जो एमिलिया या शहराचं नाव नेहमी घेतात. 1945 साली दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तिथल्या एका खेड्यातल्या लोकांनी, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं मागे टाकलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशांतून मुलांसाठी शाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुझ्झी हा तरुण शिक्षक सायकलवरून ते बघायला गेला आणि आयुष्यभर त्या कामाचाच होऊन राहिला. 1963 मध्ये तिथल्या नगरपालिकेनं आपली पहिली बालशाळा सुरू केली. मालागुझ्झी म्हणत की मुलांना शंभर भाषा येतात. माती, रेघ, सावली, तार, ताल, नाच, सोंग, बांधकाम, गाणं, सगळ्या भाषाच. हे वाक्य आता पुष्कळ शाळांच्या भिंतींवर दिसतं. त्यातला खरा मुद्दा मात्र निसटतो. सोमवारी माती, मंगळवारी रंग, बुधवारी कागदाचा ससा असं वेळापत्रक लावलं की शंभर भाषा झाल्या, असं समजतात. रेज्जोच्या शाळांत तसं होत नाही. तिथे मुलांना ज्याचं वेड लागलेलं असतं ती एकच गोष्ट मुलं आधी काढतात, मग मातीत करतात, मग अंगानं करून बघतात आणि पुन्हा कागदाकडे येतात. विषय तोच राहतो, माध्यम बदलतं. आणि माध्यम बदललं की मुलाला नवा प्रश्न पडतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्याकडे शिगमो (गोव्यातला होळीचा उत्सव) झाला की मुलांच्या डोक्यात महिनाभर ढोल-ताशे असतात. एका वर्षी चार-सव्वाचार वर्षांची एक मुलगी घोडेमोडणी बघून आली. तुमच्याकडे डिचोलीत तर ती दरवर्षी होते, लाकडी घोडा कमरेला बांधून, हातात तलवार घेऊन माणसं नाचतात. तिनं मातीचा घोडा करायला घेतला. चार पाय लावले, ते शेवयांसारखे बारीक, घोडा बसला. पाय जाड केले, उभा राहिला. मग वर माणूस ठेवला, तो घरंगळला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. मी एवढंच विचारलं, “तो कुठे बसला होता?” ती म्हणाली, “बसला नव्हता. नाचत होता.” आणि माती सोडून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं तेच कागदावर काढलं. घोड्याला चार पाय, आणि घोड्याच्या पोटातून आरपार दिसणारे माणसाचे दोन पाय. या वयाची मुलं पोटातलं, घरातलं, पाण्याखालचं असं आरपार काढतात, त्यात चूक काही नसते. मी तळ कापलेलं खोकं तिला दिलं. ते तिनं कमरेला अडकवलं, पुढे कागदी मुंडकं चिकटवलं आणि नाचायला लागली. नाचता नाचता थांबली, खाली वाकून बघितलं आणि ओरडली, “घोड्याला पाय नाहीतच! पाय त्या काकाचेच!” मग मातीच्या घोड्याकडे गेली आणि चारही पाय मोडून टाकले.

तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. मातीनं तिला तोल सांभाळायला लावला. कागदानं आत काय आणि बाहेर काय हे ठरवायला लावलं. अंगानं करून बघितल्यावर उत्तर मिळालं. आणि ती गोष्ट तिच्या मनाला भिडलेली होती म्हणून ती तिला आठवडाभर धरून बसली. रोज नवीन क्राफ्ट दिलं असतं तर हे झालं नसतं.

आता तुमच्या मुलाकडे येते. पहिले काही दिवस त्याला काही देऊ नका, नुसतं बघा. तो कशापाशी रेंगाळतो? पाण्याच्या टाकीपाशी? रस्त्यावरच्या खनिजाच्या ट्रकांपाशी? पपांच्या चपलांपाशी? ज्याच्याकडे तो पुन्हा पुन्हा वळतो तो त्याचा विषय. माझा अंदाज आहे की बोट, जहाज, पाणी, जाणं-येणं यातलंच काहीतरी असेल. पण तो विषय तुम्ही त्याच्या हातात कोंबू नका. “चल, आपण पपांची बोट करूया” म्हणालात तर ते तुमचं काम होईल. चोडणच्या फेरीबोटीतून एकदा त्याला घेऊन जा. मयेवरून गेलात तर फार लांब नाही. दोर बांधतात, फळी पडते, गाड्या उतरतात, हे त्याला हवं तेवढा वेळ बघू द्या. मग घरी आल्यावर न्हाणीत बादलीभर पाणी, माडाची सुकलेली पोय (फुलोऱ्यावरचं होडीसारखं आवरण), करवंटी आणि दोरीचा तुकडा असा ठेवा की त्याला दिसेल. आणि तुम्ही जवळपास तुमचं काम करत बसा.

करेल तर करेल. नाही केलं तर दोन दिवसांनी दुसरं काहीतरी ठेवा.

साहित्यासाठी दुकानात जायची फारशी गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्येच, म्हणजे इटलीतली ती शाळा उभी राहत होती त्याच वर्षी, बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसोरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांत परवडणार नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, दगड, बिया, पानं, काटक्या घेऊन तेच काम केलं. आपल्या मराठी बालवाड्यांचं हे मूळ आहे, आणि आपणच ते विसरून प्लास्टिकचे किट मागवतो याचं मला वाईट वाटतं.

गोव्यात तर अंगणात पाय टाकला की साहित्य पडलेलं असतं. चुडताची (माडाच्या झावळीची) पानं, करवंट्या, चिंचोके, शिंपले, भाताचा पेंढा, लाल माती. डिचोलीत कुंभार आहेत, त्यांच्याकडून तयार मळलेली चिकणमाती मिळाली तर सोन्याहून पिवळं. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली तर पुष्कळ दिवस टिकते. नाहीच मिळाली तर मीठ घालून भिजवलेली कणीक चालते, पण खऱ्या मातीला जे वजन असतं ते कणकेला नाही, आणि रागावलेल्या हातांना वजन लागतं. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरची कावी चित्रं त्याला कधीतरी दाखवा. लाल माती आणि पांढरा चुना यांचे थर देऊन वरचा थर कोरलेला असतो. घरी लाल मातीनं रंगवलेल्या पुठ्ठ्यावर तांदळाच्या पिठाची पातळ पेस्ट फासायची आणि ती ओली असतानाच काडीनं ओरबाडायची. खालचा लाल रंग वर येतो ते बघून मुलं वेडी होतात. चुना मात्र मुलांच्या हाती द्यायचा नाही, डोळ्यांत गेला तर फार वाईट. गुंजाही नकोत. दिसायला सुंदर, पण त्या विषारी असतात. घरात आणखी लहान मूल येत-जात असेल तर बारीक बिया उंचावर ठेवा, नाकात आणि तोंडात जातात.

आणखी एक, पावसाळ्याचं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कागद हाताला ओलाच लागतो, रंग वाळता वाळत नाहीत, वाळलेल्या चित्रांवर बुरशी येते आणि मूल हिरमुसतं. या महिन्यांत पाटी आणि खडू, माती, पाणी, आवाज, सोंगं यांवर भर द्या. पावसात चिखलात खेळू द्या. माशेलला आषाढी एकादशीनंतर चिखलकाल्याला देवकीकृष्णाच्या देवळासमोर मोठी माणसं चिखलात लोळतात आणि आपण ते कौतुकानं बघायला जातो, मग घरच्या मुलाचे कपडे मळले म्हणून ओरडायचं कशाला? साठवून ठेवायची चित्रं ऑक्टोबरनंतर.

आता फेकण्याबद्दल. पुष्कळ जण सांगतात की राग आला की मुलाला उशी बडवायला द्या, राग निघून जाईल. नुसतं बडवून राग निवत नाही. उलट बडवण्याची सवय लागते. माती मी देते ती वेगळ्या कारणासाठी. मूल आधी ती आपटतं, ठोसतं. पण माती आपटली की तिचा आकार बदलतो, आणि आकार बदलला की मूल बघतं. दोन-पाच मिनिटांत आपटणं हळू होतं, बोटं टोचायला लागतात, मग काहीतरी घडायला लागतं. रागातून कामाकडे जाण्याचा तो जो उतार आहे, तो आपल्याला हवा आहे. म्हणून रागाच्या वेळी लागणारी माती वेगळी, कायम हाताशी, आणि तिच्यापाशी तुम्ही शांत बसलेल्या.

घराचा नियम मात्र स्पष्ट असू द्या. “माणसांवर फेकायचं नाही, मोडेल ते फेकायचं नाही. फेकायचंच असेल तर ओल्या मातीचे गोळे कुंपणाच्या चिऱ्यांवर.” हे रागाच्या भरात सांगू नका, शांत असताना सांगा, आणि एकदा दोघांनी मिळून फेकूनही बघा. राग येणं चालेल, दुखापत करणं चालणार नाही, या दोन गोष्टी मुलाला निरनिराळ्या कळायला हव्यात.

“काय झालं?” हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. साडेचार वर्षांच्या मुलाला खरंच माहीत नसतं काय झालं ते. त्याला पोटात काहीतरी घट्ट वाटतं, एवढंच. त्यापेक्षा तुम्ही स्वतःचं बोला. “आज संध्याकाळी मला पपांची खूप आठवण आली. जेवताना त्यांचं ताट नव्हतं ना.” एवढं म्हणून थांबा, त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा न ठेवता. राग, रुसवा, धास्ती, हेवा, लाज, कंटाळा, आठवण हे शब्द त्याला रोजच्या जेवणाखाण्यात ऐकू यायला हवेत, तुमच्याबद्दल, आजीबद्दल, गोष्टीतल्या कोल्ह्याबद्दल. त्याच्याबद्दल बोलाल तेव्हा खात्रीनं सांगू नका, विचारून सांगा. “तुला राग आलाय” यापेक्षा “राग आलाय की आणखी काही?” याला मुलं जास्त उत्तर देतात, निदान मान तरी हलवतात.

त्यानं काही केलं, काढलं, बांधलं की आपल्या तोंडून दोनच गोष्टी निघतात: “व्वा, मस्त!” किंवा “हे काय आहे?” पहिलीनं संवाद संपतो. दुसरीनं मूल अडचणीत येतं, कारण पुष्कळदा ते ‘काही’ नसतंच, तो हाताचा वेग असतो. जे दिसतं ते बोला. “इथे तू खूप जोरात दाबलंस, कागद फाटायला आलाय. आणि इथे किती हळू.” एवढ्यानं मुलाला कळतं की माझं कुणीतरी नीट बघितलं. बोलायचं असेल तर तो इथूनच बोलायला लागेल. आणि त्यानं काही म्हटलं तर ते त्याच्यासमोर, त्याच्याच शब्दांत, चित्राखाली लिहा. आजीच्या कोकणीत “पपा बोटीर गेलो” म्हणाला तर तसंच लिहा, “पपा बोटीवर गेले” असं सुधारून लिहू नका. मग बोट ठेवून वाचून दाखवा. आपलं बोलणं कागदावर राहतं हे बघितलं की गप्प मुलंसुद्धा दुसऱ्या दिवशी सांगायला येतात, “हे पण लिही.” मी हे इतक्यांदा बघितलं आहे की नव्या शिक्षिकांना मी सगळ्यात आधी हेच शिकवते.

चित्रात त्यानं काळाच रंग वापरला म्हणून घाबरू नका. काळा कागदावर उठून दिसतो म्हणून मुलांना तो आवडतो. एका चित्रावरून मुलाच्या मनाचं निदान कुणी करून देत असेल तर त्यांच्यापासून लांब राहा.

आता टीचरच्या तक्रारीबद्दल. साधारण दीड-दोन वर्षांपासून मुलं गिरगिटायला लागतात. पुढे हात काबूत येतो, गोल बंद होतात, साडेतीनच्या आसपास ती आपल्या गिरगिटण्याला नाव देऊ लागतात आणि चाराच्या सुमारास माणूस येतो, डोकं आणि डोक्यालाच फुटलेले पाय. व्हिक्टर लोवेनफेल्ड या अभ्यासकानं विसाव्या शतकाच्या मध्याला या पायऱ्या सविस्तर मांडल्या, आणि त्याचा छापील रंगपुस्तकांना ठाम विरोध होता. दुसऱ्यानं काढलेल्या बदकात रंग भरायला लागलेलं मूल स्वतःचं बदक काढायला धजत नाही, असं त्याचं म्हणणं. मलाही तेच दिसतं. रेषेच्या आत रंग भरण्याला बोटांचा ताबा लागतो, तो माती मळून, चिंचोके वेचून, चुडताची पाती विणून येतो. साडेचाराव्या वर्षी रंग बाहेर जाणं हे काळजीचं लक्षण नाही. चित्र अर्धवट टाकतो त्याचं कारण बहुधा हे की ते त्याचं चित्रच नाही. आपले मारियो मिरांडा लहानपणी लोटलीच्या घराच्या भिंतींवर चित्रं काढत सुटले होते, तेव्हा आईनं त्यांना कोरी वही आणून दिली. कोरी, हे लक्षात घ्या.

टीचरशी भांडू नका. वर्गात मुलं किती, वेळ किती, आणि “आज काय केलं” म्हणून वही तपासणारे पालक किती, हे मला माहीत आहे. पालकांना दाखवण्यासाठीच पुष्कळदा ती रंगवलेली पानं भरली जातात. घरी केलेल्या कामाचे दोन-तीन फोटो, त्याखाली त्याचे शब्द, असं घेऊन त्यांना भेटा आणि सांगा, “हा घरी असं करतो, तुम्हाला बघायला आवडेल म्हणून आणलं.” एका पानाची मागची बाजू कोरी ठेवून त्यावर त्याला हवं ते काढू द्याल का, एवढीच एक विनंती करा. तुम्हाला आधारही आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये 3 ते 8 वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आहे, 2022 मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, आणि गोव्यात 2023-24 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. खेळ, गोष्ट, गाणं, कला, संवाद आणि घरची भाषा यांवर त्यात भर आहे. हे टीचरला ऐकवण्यासाठी सांगत नाही. पुष्कळ शिक्षिकांनाच असं काम करायचं असतं, पालकांची साथ मिळाली की त्यांनाही बळ येतं.

भाषांचं काय? घरात मराठी, आजीची कोकणी, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. गोव्यातल्या निम्म्या घरांत हेच असेल. यानं मूल गोंधळत नाही. एकाच वाक्यात तीन भाषा आल्या तरी तो गोंधळ नसतो, हाताशी असलेला शब्द वापरणं असतं. शब्द मोजायचेच असतील तर सगळ्या भाषांतले मिळून मोजा. तुम्ही मराठीतच बोलत राहा, आजींना कोकणीतच गाणी म्हणू द्या. तो इंग्रजीत मागे आहे म्हणून घरात इंग्रजी सुरू करू नका. तुमच्या तोंडची मोडकीतोडकी इंग्रजी त्याला शब्द देईल, पण रुसवा आणि आठवण व्यक्त करायची भाषा देणार नाही. ती त्याला तुमच्याकडून आणि आजींकडूनच मिळणार आहे.

आजींचा इथे फार उपयोग आहे. चवथीच्या दिवसांत माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधताना त्याला त्यांच्याबरोबर बसवा. आंबाडे, कांगलां, सुपारीचे शिपटे, नारळ एकेक हातात देत नावं सांगत कुठे बांधायचं हे ठरवणं, हा रंग, आकार, वास आणि भाषा यांचा एकत्र पाठ आहे, आणि तो घरच्यांबरोबर मिळतो. कुठलं फळ कुठे बांधायचं हे दोन-तीन ठिकाणी त्याला ठरवू द्या. आरतीला घुमट (मातीच्या घड्याचं वाद्य) वाजत असतं तेव्हा त्याच्या हातात झांज द्या. चुकीच्या वेळी वाजवेल. वाजवू द्या. जो मुलगा चार माणसांत तोंड उघडत नाही, तो तालात सगळ्यांच्या बरोबर असतो, आणि हे बरोबर असणं बोलण्याआधी यावं लागतं. गावच्या जत्रेतलं काल्याचं नाटक किंवा दशावतार बघितला असेल तर घरी टॉवेलचा मुकुट आणि लाटण्याची गदा करून सोंग काढू द्या. सोंगाआडून लाजाळू मुलं खूप बोलतात. राक्षस होऊन ओरडता येतं. स्वतः असताना ओरडता येत नाही.

दिवाळीला जाळतात त्या नरकासुराच्या पुतळ्याची भीती त्याला वाटत असेल तर तीही याच मार्गानं घ्या. आमच्याकडे दिवाळीच्या आधी काही मुलं रात्री दचकून उठतात. त्यांना मी बोटभर उंचीचा नरकासुर करायला सांगते, काडीचा, कागदाचा. त्याची जीभ केवढी, डोळे कुठल्या रंगाचे, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. ठरवणारा तोच झाला की भीती कमी होते. एकदम जात नाही.

एक काळजीही घ्या. मी तुमच्या मुलाला बघितलेलं नाही. गप्प असणं हा स्वभाव असू शकतो, पपा दूर गेल्याचं दुःख असू शकतं, आणि क्वचित कानाचंही असू शकतं. हाक मारली की मागे वळून बघत नसेल, अनोळखी माणसाला त्याचं बोलणं बहुतेक कळत नसेल, आधी येत असलेले शब्द आता येत नसतील किंवा इतर मुलांकडे अजिबात लक्ष देत नसेल, तर वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांच्या सल्ल्यानं म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) कान तपासून घ्या. सर्दीमुळे कानात पाणी साठून कमी ऐकू येणाऱ्या मुलांना हट्टी म्हटलेलं मी बघितलं आहे. फेकाफेकीबरोबर झोप उडाली असेल, खाणं तुटलं असेल, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला असेल आणि हे कित्येक आठवडे चाललं असेल, तरीही डॉक्टरांशी बोला.

शेवटी पपांबद्दल, कारण मला वाटतं सगळं तिथेच अडकलेलं आहे. व्हिडिओ कॉलवर “पपांशी बोल, बोल ना” म्हटलं की या वयाची मुलं हमखास पळतात. समोर सपाट पडद्यावर वडील, आणि काय बोलायचं ते माहीत नाही. त्याला बोलायला लावू नका, दाखवायला काहीतरी द्या. बादलीतली पोयीची बोट, मातीचा गोळा, पाटीवरचं चित्र. पपांनाही आधी सांगून ठेवा की “कसा आहेस, जेवलास का” हे प्रश्न नकोत, बोटीला दोर कुठे बांधलास ते दाखव, असं विचारा. नेट नसेल तेव्हा त्यानं वाजवलेली झांज रेकॉर्ड करून पाठवा, त्यांनी जहाजाच्या भोंग्याचा किंवा इंजिनाचा आवाज उलट पाठवावा. काय पाठवायचं ते त्याला निवडू द्या. पाठवलेल्या सगळ्या गोष्टी एका खोक्यात साठवा, आणि पपा सुट्टीवर येतील तेव्हा पहिल्या दिवशी “पपांना पापी दे” म्हणून त्याला पुढे ढकलू नका. काही मुलं दोन-तीन दिवस वडिलांकडे फिरकत नाहीत, तेव्हा वडिलांनी मनाला लावून घेऊ नये. ते खोकं घेऊन पपांनी जमिनीवर बसावं आणि एकेक वस्तू काढून बघायला लागावं. कुठली वस्तू कशी केली हे सांगायला तो बहुधा स्वतःच येईल, आणि पपांनी चुकीचं ओळखलं तर दुरुस्त करायला नक्की येईल.